चारशेपाचला हात लावायचा नाही

(अलेक्झांड्रिया. रमल स्टेशनमागच्या ऑफिसच्या इमारतीचा चौथा मजला. गुरुवार, तिसऱ्या प्रहरची असरची नमाज होऊन गेलेली. लिफ्टचं दार बोटभर उघडं राहून अडकलंय. आत वज्दी, लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर ज्यांच्या हाताखाली बनतं ते मुख्य इंजिनिअर, बखीतच्या तोंडी 'बाशमुहंदिस', नव्या कोऱ्या सुटात. बाहेर दरवान बखीत, लमीस त्याला 'अम्म' म्हणजे काका म्हणते, गळ्यात लिफ्टची किल्ली. जिन्यावरून लमीस उतरते, वज्दींच्या हाताखालची इंजिनिअर, काखेत लॅपटॉप.)

वज्दी: ...अरे पण मी सांगतोय ना! मी! ही लिफ्ट सॉफ्टवेअरच्या ज्या गाभ्यावर चालते तो गाभा मी लिहिलाय. फिरव किल्ली!

बखीत: न्हाई.

वज्दी: मघापासून तोच एक शब्द!

बखीत: दुसरा लागतच न्हाई, बाशमुहंदिस.

लमीस: कोण अडकलंय, अम्म बखीत? कुणाचा एवढा आवाज... अगं बाई! उस्ताज? तुम्ही अजून इथं? आज तुमच्या लेकीचा, इंजीचा निकाह ना?

वज्दी: छे छे. मला लिफ्टमध्ये उभं राहून संध्याकाळ घालवायची होती, त्यासाठी सूट शिवून घेतला.

लमीस: पण तिकडे सगळे...

वज्दी: सगळे मशिदीत पोचलेत. नवरा पोचला, नवऱ्याचा बाप पोचला, काझी पोचला. मुलीच्या बापाचा हात नवऱ्याच्या हातात, वर पांढरा रुमाल, की झालं. सगळं आहे, फक्त हात इथं आहे. आणि सूर्य मावळून मगरिबची नमाज झाली की काझीला दुसरं लग्न आहे. आणि बायकोचा, सुहैरचा आत्ताच फोन येऊन गेला, की मी आलो नाही तर तिचा भाऊ ममदूह बसेल माझ्या जागी.

लमीस: ममदूह म्हणजे ते टाइल्सवाले?

वज्दी: संडासाच्या टाइल्स! माझ्या इंजीचा निकाह त्या हातानं? गेल्या ईदला त्यानं मला विचारलं, 'वज्दी, तू नक्की काय करतोस रे, लिफ्टची बटणं पुसतोस?' त्याच्या हातात माझा जावई हात देणार? अगं, सांग या माणसाला काहीतरी!

लमीस: अम्म बखीत, किल्ली तुमच्या गळ्यातच आहे. फिरवा ना.

बखीत: दारावरच्या दिव्याच्या पाटीवर बघा. काय आकडा हाय?

लमीस: चारशेपाच.

बखीत: चारशेपाच म्हंजी ब्रेक. ब्रेकला हात लावायचा न्हाई. किल्लीला न्हाई, दाराला न्हाई. ब्रेकवाला मिस्त्री, उस्ता शहाता येनार, तो बघनार, मग मानूस भाईर.

वज्दी: आणि शहाता निघालाय शहराच्या पार त्या टोकाहून, अगमीहून. गुरुवार संध्याकाळच्या गर्दीत. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून! तो इथं टेकेपर्यंत इंजीची नातवंडं शाळेत जायला लागतील.

लमीस: पण अम्म बखीत, हे स्वतः उस्ताज वज्दी सांगतायत.

बखीत: आन् मला शिकवलं कुनी? ह्यांनीच. गल्लीतले सगळे दरवान गोळा केले, कलेजीची सँडविचं चारली, आन् आकडे पाठ करून घेतले. चारशेबारा: दारात कायतरी अडकलंय, किल्ली फिरवा, मानूस काढा. चारशेपाच: ब्रेक, लांब ऱ्हा. म्या हात वर करून इचारलं, आतला मानूस रडाया लागला तर? तर म्हनले, 'बखीत, मी स्वतः आतून रडलो तरी हात लावायचा नाही.'

वज्दी: तेव्हा मी आत नव्हतो!

बखीत: आता हाय. आन् रडताय बी. म्हंजी तुमी लई पुढचं बघून बोलला हुता.

वज्दी: मी रडत नाहीये! घाम आहे हा!

लमीस: उस्ताज, पण ब्रेक गेलाच असेल तर अम्म बखीत बरोबरच करतायत.

वज्दी: ब्रेकला काहीही झालेलं नाही. माझा रुमाल अडकलाय दारात! निकाहचा रुमाल. हातात धरून बटण दाबलं, दार लागताना खाली गेला तो थेट खाचेत. वाकून बघ.

लमीस: हो की. इकडून टोक दिसतंय. काळं झालंय.

वज्दी: काळं झालंय?!

लमीस: थोडंसं. ग्रीस आहे.

वज्दी: सांगूच नकोस. मुद्दा काय, दारात रुमाल, म्हणजे पाटीवर चारशेबारा यायला हवा. चारशेपाच का आला?

बखीत: आला म्हंजी आला. ताप किती ते थर्मामीटर सांगतो, आजारी मानसाला कोन इचारतंय?

लमीस: एक मिनिट. उस्ताज, हे आकडे येतात कुठून? मी लॅपटॉपवर शोधतेय. अख्ख्या गाभ्यात चारशेपाच असं कुठेच लिहिलेलं नाही. चारशेबाराही नाही.

वज्दी: नसेल कसं? नीट शोध.

लमीस: नीटच शोधलं. तक्ता नाही, यादी नाही, काही नाही. पाटीला कोण सांगतं काय दाखवायचं ते?

वज्दी: पाटीचं काम फथीनं केलं होतं. फथीला माहीत. त्याला लाव फोन.

लमीस: फथी. म्हणजे अबू किरला मासे तळणारे फथी?

वज्दी: तेव्हा तळत नव्हता. तेव्हा माझ्या शेजारी बसून गाभा लिहायचा. लाव!

बखीत: त्याच्याकडचा बोरी मासा झकास असतो.

लमीस: शू. ...अस्सलामु अलैकुम, उस्ताज फथी, मी लमीस, वज्दींच्या हाताखाली... नाही नाही, ऑर्डर नाहीये. अहो, लिफ्टच्या पाटीवरचे आकडे... हो, लिफ्ट. ...नको, कोळंबी पण नको. आकडे कशावरून यायचे तेवढंच सांगा. ...हो. ...बरं. ...बरं, सांगते.

वज्दी: काय म्हणाला?

लमीस: म्हणाले, वज्दीला विचार.

वज्दी: काय?!

लमीस: 'तो बोलायचा, मी टाइप करायचो. वज्दीला विचार आणि मुलीच्या लग्नाच्या शुभेच्छा सांग, मला आमंत्रण नाही आलं.' शब्दशः.

वज्दी: आमंत्रण पाठवलं होतं! पोस्टानं!

लमीस: उस्ताज, आठवा. पाटी नवी होती. तुम्ही दोघं बसला होतात. काय ठरलं?

वज्दी: कसं आठवणार, रमजान चालू होता, डोकं चालत नव्हतं... थांब. पाटीवर तीनच आकडे मावत होते. मी म्हटलं, प्रत्येक बिघाडाला वेगळा नंबर देत बसायला वेळ कुणाला आहे? बिघाड ज्या ओळीत पकडला जातो त्या ओळीचाच नंबर दाखवू. फाइलमधली ओळ. आपोआप येतो, फुकट.

लमीस: ओळीचा नंबर.

वज्दी: हो. दाराचा बिघाड चारशेबाराव्या ओळीत, ब्रेकचा चारशेपाचव्या. हुशारीचं काम होतं, खरं तर.

लमीस: उस्ताज.

वज्दी: काय?

लमीस: आज सकाळी तुम्ही माझा एक बदल मंजूर केलात.

वज्दी: आज सकाळी मी टाय बांधत होतो.

लमीस: टाय बांधता बांधता मंजूर केलात. कॉमेंटचा.

वज्दी: कुठला कॉमेंटचा?

लमीस: तोच. जो तुम्ही हिवाळ्यापासून परत पाठवत होतात. त्याच फाइलमधला. वरच्या जुन्या ओळी मी काढल्या, आणि नवी आवृत्ती आधी आपल्या ह्याच लिफ्टवर चढते.

वज्दी: किती?

लमीस: सात.

वज्दी: ...चारशेबारा वजा सात.

बखीत: चारशेपाच. हिशेब मलाबी येतो.

वज्दी: लमीस! मी म्हणत होतो! महिनोन् महिने म्हणत होतो, कॉमेंटला हात लावू नकोस, कॉमेंटला हात लावला की काहीतरी वाईट होतं!

लमीस: काय वाईट होतं ते कधी सांगितलंत? मी विचारलं तर म्हणायचात, 'नको म्हटलं ना.'

वज्दी: काय होतं ते मलाही आठवत नव्हतं! एवढंच आठवत होतं की वाईट होतं!

बखीत: एक इचारू? कॉमेंट म्हंजी काय?

लमीस: टिपा असतात, अम्म बखीत. कोडमध्ये अधूनमधून लिहितात. इथं काय चाललंय, का चाललंय, ते माणसांना कळावं म्हणून. मशीन ते वाचत नाही, सोडून पुढे जातं.

बखीत: मग मानसं वाचत्यात?

लमीस: वाचत असती तर आज हे झालं असतं का?

बखीत: मशीन वाचत न्हाई, मानसं वाचत न्हाईत. मग लिवता कुनासाठी?

वज्दी: हेच! हेच मी हिला सांगत होतो! कुणी वाचत नाही, तर खोटं असो की खरं, पडू दे तिथं!

लमीस: मी वाचते! मी वाचलं म्हणून तर सगळं झालं. अम्म बखीत, आठवतं, क्लिओपात्रा भागातल्या त्या इमारतीतली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली होती?

बखीत: तर! तिथला दरवान माझा साडू. बाई पिशव्या घेऊन सातव्या मजल्यावर निघाली, पोचेपर्यंत भाजी सुकली.

लमीस: त्याचा ठपका माझ्यावर आला. का? कॉमेंटमध्ये लिहिलं होतं, 'इथं येण्याआधी कुलूप लावलेलं असतं, काळजी नको.' मी काळजी केली नाही. दोन हुकूम एकदम आत घुसू नयेत म्हणून कोडमध्ये असलेलं ते कुलूप कधीचं काढून टाकलेलं! कुणी काढलं? उस्ताज वज्दींनी. कॉमेंट कुणी बदलली नाही? उस्ताज वज्दींनी. आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कोण म्हणालं, 'आजकालची पोरं कोड न वाचता काम करतात'?

वज्दी: तो विषय आज नको.

लमीस: म्हणून मी ठरवलं, सगळ्या शिळ्या कॉमेंट दुरुस्त करायच्या. पहिल्यांदा पाठवलं, तर म्हणे एकदम फार बदललंय, तुकडे कर. तुकडे केले, तर म्हणे किती तुकडे, एकत्र कर. एकत्र केले, तर ओळ लांब झाली. आखूड केली, तर म्हणे 'नाही' का लिहिलंस, 'नसतं' लिही. 'नसतं' लिहिलं, तर म्हणे आधीचंच बरं होतं!

वज्दी: त्याला तपासणी म्हणतात.

लमीस: त्याला छळ म्हणतात, उस्ताज.

बखीत: त्या सात वळीत हुतं काय येवढं?

लमीस: ऐकायचंय? जुनी आवृत्ती आहे माझ्याकडे, वाचूनच दाखवते. 'हे तात्पुरतं आहे. उपास आहे, डोकं चालत नाही. मगरिबनंतर बघतो. वज्दी.'

बखीत: मग मगरिबनंतर बघितलं?

लमीस: त्या मगरिबनंतर कितीतरी रमजान येऊन गेले, अम्म बखीत.

वज्दी: त्या दिवशी घरी गोडाचा कुनाफा होता. विसरलो.

लमीस: मग त्याखाली, 'जुनी मोटर रुसते म्हणून इथं जरा थांबायचं.' ती मोटर भंगारात गेली, आपण अजून थांबतोय. आणि शेवटच्या ओळी ऐका. 'याच्या वर एकही ओळ वाढवू नका, कमी करू नका. कारण फथीला विचारा.'

वज्दी: तिथं लिहिलं होतं?!

लमीस: लिहिलं होतं! आणि फथी मासे तळतोय. मला वाटलं, जो माणूस नाही त्याला विचारा असं लिहिणं म्हणजे शिळी कॉमेंट. काढून टाकली.

बखीत: म्हंजी सूचना मोडायच्या आधी सूचनाच काढून टाकली. काम चोख केलंत.

लमीस: मला ते कळलंय, अम्म बखीत. मीठ नका चोळू.

वज्दी: सुहैरचा फोन... हॅलो. हो. हो, निघालोच आहे. रस्त्यात आहे. ...टॅक्सीत. ...टॅक्सीचा आवाज येत नाही कारण टॅक्सी थांबलीय. ...ममदूह कुठं बसलाय? उशीवर? माझ्या उशीवर?! उठव त्याला! ...हॅलो? ...ठेवला.

लमीस: खोटं का बोललात?

वज्दी: आपलीच लिफ्ट, आपलंच सॉफ्टवेअर, आणि आत मी. हे ममदूहला कळलं तर माझ्या मयताच्या जेवणापर्यंत सांगत फिरेल. बखीत, आता तर तुला समजलं ना? आजच्यापुरता चारशेपाच म्हणजे चारशेबारा. फिरव.

बखीत: आज चारशेपाच म्हंजी चारशेबारा. उद्या म्हनाल चौथा मजला म्हंजी तळमजला, मार उडी. न्हाई.

लमीस: अम्म बखीत, मी दाखवते, हे बघा, ही ओळ...

बखीत: मला वळ नका दाखवू, आकडा दाखवा. पाटीवर चारशेबारा आला की किल्ली अशी फिरवीन, रुमालबी फाटनार न्हाई. माझी तीन पोरं हायत, बाशमुहंदिसा. मागल्या गल्लीतल्या दरवानानं चारशेपाचला दार उघडलं, दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड फुटपाथवर. काढनारे कोन? हेच आतले.

वज्दी: तो नियमच होता!

बखीत: तेच म्हनतोय मी.

लमीस: ठीक. उस्ताज, मग पाटीवर चारशेबाराच आणू. वर सात ओळी परत टाकायच्या, नवी आवृत्ती लिफ्टवर चढवायची. खाली जावं लागणार नाही, इथूनच चढते. लिफ्ट पुन्हा जागी होईल, दार तपासेल, रुमाल सापडेल, चारशेबारा दिसेल.

वज्दी: शाबास! टाक जुन्या सात ओळी परत. झटपट.

लमीस: जुन्या नाही.

वज्दी: काय म्हणालीस?

लमीस: 'मगरिबनंतर बघतो' मी परत टाकणार नाही. 'मोटर रुसते' परत टाकणार नाही. हिवाळ्यापासून भांडून काढल्यात.

वज्दी: लमीस, माझ्या उशीवर ममदूह बसलाय!

लमीस: मी सात ओळी टाकते. खऱ्या.

वज्दी: रिकाम्या टाक! सात वेळा एंटर दाब आणि मोकळी हो!

लमीस: दाबलं. तपासनिसानं परत पाठवलं. 'एकाखाली एक रिकाम्या ओळी चालणार नाहीत.' हा तपासणारा प्रोग्राम कुणी लिहिलाय, उस्ताज?

वज्दी: ...मी.

बखीत: लिफ्ट ह्यांची, नियम ह्यांचा, तपासनीस ह्यांचा. दारात रुमालबी ह्यांचाच. लांबच्या मानसाला आज प्रवेशच न्हाई.

वज्दी: बखीत, तू गप्प बस. लिही मग, बाई, लिही! खऱ्या लिही! पण लवकर!

लमीस: पहिली ओळ: 'दाराच्या बिघाडाची ओळ या फाइलमध्ये ४१२ वरच राहिली पाहिजे.' दुसरी: 'लिफ्टच्या पाटीवर दिसतो तो आकडा म्हणजे ओळीचाच नंबर.' तिसरी: 'दरवानांनी हे आकडे पाठ केले आहेत आणि ते दुसरं काही ऐकत नाहीत.'

बखीत: हे बरं लिवलं.

लमीस: चौथी: 'वर ओळ वाढली किंवा घटली की आकडा बदलतो आणि माणूस आत राहतो.' पाठवलं. तुमच्या फोनवर आलं असेल. एवढं वाचून ठेवा, बाकीच्या लिहितेय.

वज्दी: आलं. रेंज एकच कांडी आहे... हं. उघडलं. 'राहिली पाहिजे'? 'राहावी' जास्त बरं वाटतं.

लमीस: उस्ताज.

वज्दी: आणि 'दुसरं काही ऐकत नाहीत' हे कोडमध्ये शोभत नाही. 'सूचनांचं काटेकोर पालन करतात' असं लिही.

लमीस: उस्ताज वज्दी! तुम्ही लिफ्टमध्ये आहात!

वज्दी: हो, पण उद्या ही आवृत्ती शहरभर सगळ्या लिफ्टमध्ये जाणार आहे!

लमीस: पाटीवर दिसणारच नाही ते! कॉमेंट आहे ती!

वज्दी: तरी... सवय आहे गं. हात आपोआप जातो तिकडे.

बखीत: ह्या मानसाला निकाह लावायला बसवला तर काझीलाबी म्हनंल, 'कबूल' नको, 'मान्य' लिवा.

वज्दी: बरं बरं. 'राहिली पाहिजे' राहू दे. पण ह्या चारच ओळी झाल्या. सात हव्यात. तपासनिसाला नाही, आकड्याला.

लमीस: पाचवी: 'हे चूक आहे. आकडे ओळीवर अवलंबून नसावेत. वेगळे ठरवून द्यावेत.'

वज्दी: 'चूक' कशाला? 'सुधारणेला वाव आहे' लिही.

लमीस: चूक.

वज्दी: ...चूक. पुढे?

लमीस: सहावी, कधी सुधारणार? तारीख घालायची.

वज्दी: 'लवकरच' घाल.

लमीस: 'लवकरच' म्हणजे 'मगरिबनंतर बघतो'. तारीख.

वज्दी: लग्न होऊ दे, पाहुणे जाऊ दे, मग मी बसून...

लमीस: काझी निघेल, उस्ताज.

वज्दी: शनिवार! लिही शनिवार! तूच कर, मी मंजूर करीन.

लमीस: एका दमात? 'नसतं' आणि 'नाही' न करता?

वज्दी: एका दमात. बखीत साक्षीदार.

बखीत: हाय मी. पन रडलात तर ऐकनार न्हाई.

लमीस: 'शनिवारी लमीस बदलणार, वज्दी न टोकता मंजूर करणार.' सहा झाल्या. सातवी?

वज्दी: आता काय राहिलं? टाक काहीही. 'अल्लाह मेहेरबान' टाक.

लमीस: काहीही नाही टाकायचं. खरं काहीतरी हवं.

बखीत: 'न समजल्यास फथीला इचारा' टाका. पुन्ना.

लमीस: अम्म बखीत!

बखीत: मग मला इचारा म्हना. मी कुटं जात न्हाई. मासे तळता येत न्हाईत मला.

लमीस: ...उस्ताज?

वज्दी: टाक. खरंय ते. हा कुठं जात नाही, आणि मला जाऊ देत नाही.

लमीस: 'न समजल्यास खाली दरवान बखीत यांना विचारा.' सात. पाठवलं.

वज्दी: थांब, वाचतो.

लमीस: आता कशाला वाचताय!

वज्दी: सकाळी न वाचता मंजूर केलं होतं, बघ काय झालं. ...'दरवानांनी हे आकडे पाठ केले आहेत'... हं. ...'माणूस आत राहतो'... हं. वाचलं. सगळं. मंजूर.

लमीस: काही बदल नाही?

वज्दी: एका ठिकाणी स्वल्पविराम... काही नाही. मंजूर म्हटलं ना!

लमीस: चढवतेय. दिवा जाईल, घाबरू नका.

वज्दी: माझी लिफ्ट आहे, मी कशाला... अगं, अंधार!

लमीस: जागी होतेय. ...दार तपासतेय. ...अम्म बखीत, पाटी.

बखीत: चार. एक. दोन.

लमीस: मग?

बखीत: मग काय! सरका बाजूला. चारशेबारा! किल्ली फिरवा, मानूस काढा! बाशमुहंदिस, पाय जपून. हां. या भाईर. मुबारक हो, लेकीचं लगीन हाय न्हवं आज?

वज्दी: मुबारक काय मुबारक! वाजले किती? सुहैर? हॅलो, सुहैर! सुटलो! ...म्हणजे टॅक्सी सुटली! काझीला सरबत पाज! बदामाच्या गोळ्या दे! त्याच्यापुढे उभी राहा! ममदूहला म्हण, उठ!

लमीस: जिना, उस्ताज, जिना इकडे!

वज्दी: लमीस! नीट दुरुस्ती आपण नंतर...

लमीस: शनिवारी! कॉमेंटमध्ये लिहिलंय!

वज्दी: शनिवारी, शनिवारी!

बखीत: ...कसा पळतोय बघा. हा मानूस मी आजवर कधी जिन्यावर बघितला न्हवता.

लमीस: पोचतील?

बखीत: मगरिबची बांग झाली न्हाई अजून. आन् टाइल्सवाला उशीवरनं उठला न्हाई तरी हे बसतील त्याच्या मांडीवर. ...ए बाशमुहंदिसा. हे खाली काय ऱ्हायलं?

लमीस: कुठं? ...अरे देवा. रुमाल.

बखीत: निकाहचा.

लमीस: ग्रीस केवढं लागलंय. ...तरी हाच हवा असणार त्यांना. अम्म बखीत, धावत गेलात तर रस्त्यावर गाठाल. अजून टॅक्सी शोधत असतील.

बखीत: गाठतो की. ही बघा लिफ्ट बी उघडीच हाय. बसतो आन् जातो, झटक्यात खाली.

लमीस: जिन्यानं जा, अम्म बखीत.